हरण्यात तरबेज शत्रू

पायाखाली गवत, कानावर वाहत्या पाण्याचा आवाज, पाठीमागे नुकतंच येऊन आदळलेलं बचावयान. मान वर करून दूर पाहिलं, की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. जमीन क्षितिजापाशी संपत नाही. ती वर चढत जाते, निळसर हवेतून बाहेर पडते, बारीक पट्टी होत थेट डोक्यावर पोचते आणि पाठीमागच्या डोंगरकड्यांमागे पुन्हा खाली उतरते. आपण एका अजस्र कड्याच्या आतल्या अंगावर उभे आहोत. हे कुणी सांगितलेलं नसतं, आपल्याला ते दिसतं. तेवढ्यात शत्रूचं यान घोंघावत येतं आणि आकाश बघत बसण्याची मुभा संपते.

हा ‘हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्हड’चा दुसरा टप्पा. १५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सबरोबर अमेरिकेत आलेला हा विज्ञानकथेतला फर्स्ट-पर्सन शूटर. म्हणजे पडदा हेच तुमचे डोळे, खालच्या कोपऱ्यातून पुढे आलेली बंदूक हाच तुमचा हात. तुम्ही ‘मास्टर चीफ’ नावाचे हिरव्या चिलखतातले सैनिक. चिलखतात ‘कोर्टाना’ ही कृत्रिम बुद्धी तुमच्या सोबतीला. समोर ‘कोव्हेनंट’ ही परग्रहवासीयांची धर्मवेडी फौज. गोष्ट एवढ्यात सांगून होते, आणि एवढीच ऐकली तर यात विशेष काय, असंही वाटेल. पण चोवीसहून अधिक वर्षं झाली तरी लोक त्या कड्यावर परत परत उतरतात. कशासाठी, हे समजून घ्यायचं तर आधी कडं मोजू, मग बंदूक हातात घेऊ आणि शेवटी शत्रूच्या डोक्यात शिरू. खरा चमत्कार तिथे आहे.

कड्याचं गणित

कथेनुसार या कड्याचा व्यास १०,००० किलोमीटर आहे, पृथ्वीच्या व्यासापेक्षा थोडा कमी. पट्टीची रुंदी सुमारे ३०० किलोमीटर. आतल्या अंगाची जमीन मोजली तर तीन भारत जवळजवळ मावतील. असं कडं अवकाशात स्वतःभोवती फिरत ठेवलं, तर आत उभ्या असलेल्या माणसाचं शरीर सरळ रेषेत निघून जाऊ पाहतं आणि वळत येणारी जमीन सतत त्याच्या वाटेत येते. जमीन पायांना दाबते, आणि त्या दाबालाच तो माणूस वजन समजतो. पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर किती वेगाने फिरावं लागेल? हिशेब शाळेतल्या सूत्राने सुटतो: एक फेरी सुमारे ७५ मिनिटांत. सूर्य कड्याच्या प्रतलात असेल, तर सव्वा तासात एक दिवस आणि एक रात्र उरकेल.

कडेचा वेग येतो सेकंदाला सुमारे सात किलोमीटर. या वेगाने मुंबई-पुणे अंतर वीसेक सेकंदांत संपेल. इथे एक सुंदर अडचण उभी राहते. इतक्या वेगाने फिरणारं कडं स्वतःच स्वतःला फाडू बघतं. ते पोलादाचं असेल, तर झुलत्या पुलांच्या उत्तम तारा जेवढा ताण सोसतात, त्याच्या दोनशेपट ताण त्याला सोसावा लागेल. मग पट्टी जाड करावी का? उपयोग नाही. जाडी वाढली की वस्तुमानही तेवढंच वाढतं आणि ताण जिथल्या तिथे राहतो. कार्बनचे सर्वांत चिवट तंतू घेतले तरी ते दहापटीने कमी पडतात. म्हणजे हे कडं ज्यांनी बांधलं, त्यांच्याकडे आपल्या ओळखीच्या कोणत्याही पदार्थापेक्षा वेगळं काहीतरी होतं. गेममध्ये या बांधणाऱ्यांना ‘फोररनर’ म्हणतात. ते केव्हाच नाहीसे झाले आहेत, आणि त्यांची यंत्रं मात्र अजून चालू आहेत. हिशेब न करताही हे आपल्याला जाणवतं, कारण डोक्यावरच्या त्या पट्टीकडे बघून पहिला प्रश्न हाच पडतो, की हे केलं कुणी?

पट्टीची पलीकडची बाजू १०,००० किलोमीटरवर आहे. तिथे ३०० किलोमीटरची रुंदी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या तिपटीहून थोडी जास्त दिसेल. पृथ्वीवर क्षितिज दूरचा प्रदेश आपल्यापासून लपवतं. इथे उलट आहे. जिथे जायचं तो प्रदेशसुद्धा डोक्यावर टांगलेला.

ही कल्पना गेमकर्त्यांना आभाळातून मिळाली नाही. लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० साली आली. तिच्यातलं कडं साक्षात एका ताऱ्याभोवती गुंफलेलं आहे. पुढच्याच वर्षी विज्ञानकथांच्या संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशा घोषणा दिल्या. जरासं सरकलं की ते ताऱ्यावर जाऊन आदळेल, हे त्यांनी ताडलं होतं. निव्हन यांनी पुढच्या कादंबरीत कड्याला स्थिर ठेवणारी इंजिनं बसवली. ‘हेलो’च्या कड्यात मधोमध ताराच नाही. ते एका महाकाय वायुग्रहाच्या परिसरात तरंगतं, त्यामुळे ती घोषणा इथे लागू पडत नाही.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १९७५च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नासाचं एम्स संशोधन केंद्र यांनी मिळून अवकाशातल्या वसाहतींचा अभ्यास केला. त्यातून १.८ किलोमीटर व्यासाच्या, मिनिटाला एक फेरी घेणाऱ्या, १०,००० माणसांना पुरेल अशा चक्राचा आराखडा तयार झाला. त्याच एम्स केंद्रात दोनेक वर्षांपूर्वी काही तरुणांनी संगणकावर एक भुलभुलैया रचला होता. त्यात खेळणाऱ्याला भिंती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारख्या दिसत आणि कोपऱ्यावर प्रतिस्पर्धी भेटला की त्याच्यावर गोळी झाडता येई. ‘मेझ वॉर’ हा या प्रकारच्या खेळांचा आद्य पूर्वज. फिरत्या कड्यावर राहण्याचा आराखडा आणि डोळ्यांतून जग दाखवणारा खेळ, दोन्ही जवळपास एकाच अंगणात वाढले. पुढे पंचवीसेक वर्षांनी ‘हेलो’त त्यांची गाठ पडली.

वरून पाहता पाहता खाली उतरलेला कॅमेरा

‘हेलो’ घडवणारी कंपनी बंजी. १९९१ साली शिकागोत सुरू झालेली आणि मॅकिंटॉशवाल्यांची लाडकी. १९९७ साली तिने ‘मिथ’ नावाचा युद्धनीतीचा खेळ काढला होता. त्यात सेनापती होऊन वरून रणांगण बघायचं आणि तुकड्या हलवायच्या. ‘हेलो’ची सुरुवातही अशाच खेळाने झाली होती. पण त्यातल्या गाड्या उंचसखल जमिनीवर उसळत जाताना दिसल्या, आणि करणाऱ्यांनाच त्या चालवाव्याशा वाटल्या. कॅमेरा आधी सैनिकाच्या पाठीशी आला. २१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्जने हा खेळ जगाला दाखवला तेव्हा सैनिक पाठमोरा दिसत होता. पुढे कॅमेरा त्याच्या शिरस्त्राणात शिरला. दरम्यान, जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खी बंजी विकत घेतली आणि मॅकचा हा खेळ नव्या एक्सबॉक्सचा मानबिंदू झाला.

या उलट्या प्रवासाची खूण खेळात राहिली आहे असं मला वाटतं. शूटर म्हणून जन्मलेल्या बऱ्याच खेळांत जग खेळाडूच्या नाकासमोर बांधलेलं असतं: बोळ, दार, राक्षस, पुन्हा बोळ. ‘हेलो’चं रणांगण मात्र आधी रणांगण आहे आणि मग तुमच्या वाट्याला आलेलं आहे. तुम्ही पोचता तेव्हा तिथे आपले सैनिक आणि शत्रू लढतच असतात. वॉर्टहॉग या उघड्या लष्करी गाडीच्या चालकाच्या जागी तुम्ही बसलात, की जवळचा एखादा सैनिक मागच्या तोफेवर उडी मारून चढतो. ‘ग्रंट’ जातीचे छोटे शत्रू कधी पहाऱ्यावर डुलक्या घेत असतात. तुमच्याविना चाललेल्या जगात तुम्ही शिरलात असा भास होतो.

भास हा शब्द मुद्दाम वापरला. पहिल्या एक्सबॉक्सची स्मृती ६४ मेगाबाइट होती आणि प्रोसेसर ७३३ मेगाहर्ट्झचा. खिशातला साधा फोनही आज त्याच्या कितीतरी पुढे आहे. आकाशातलं ते महाकाय कडं तिथे पार्श्वभूमीचं चित्र म्हणून टांगलेलं आहे. तिथवर चालत जाता येत नाही. पाय टेकायला मिळते ती काही दऱ्या, एक बेट आणि पुष्कळशा दालनांची जागा. जी मुळात आहे ती थोडी, आणि वाटते ती अफाट. जगाचं जे झालं तेच पुढे शत्रूच्या अकलेचं झालेलं दिसेल.

तीस सेकंदांची गंमत

बंजीचे एक रचनाकार जेमी ग्रीझमर यांनी मांडलेलं एक सूत्र या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी आहे: तीस सेकंदांची गंमत साधली, की ती पुन्हा पुन्हा करून अख्खा खेळ उभा राहतो. अर्धंच ऐकलं तर हे आळशीपणाचं समर्थन वाटेल. उरलेलं अर्धं असं, की तीच तीस सेकंदं वेगळ्या जागी, वेगळ्या शस्त्रासह, शत्रूंच्या वेगळ्या मिश्रणाशी खेळायला लावायची.

ही तीस सेकंदं उलगडून पाहू. हातात एका वेळी दोनच बंदुका ठेवता येतात. तिसरी आवडली तर एक टाकावी लागते, आणि गोळ्या संपत आल्या की पडलेल्या शत्रूची बंदूक उचलावी लागते. ग्रेनेडसाठी वेगळं बटण, जवळ आलेल्याला बंदुकीच्या दस्त्याने हाणायला वेगळं बटण. बंदूक, ग्रेनेड, ठोसा या तिन्ही गोष्टी शस्त्र न बदलता कोणत्याही क्षणी हाताशी. चिलखताभोवती ऊर्जेचं कवच. मार बसला की ते उतरतं, आडोशाला काही सेकंद काढले की आपोआप भरतं.

कवचाची ही युक्ती वरवर सोपी आहे, पण तिने खेळाचा श्वासच बदलला. त्याआधीच्या बहुतेक शूटरमध्ये जखम झाली की पुढचा औषधाचा डबा सापडेपर्यंत ती वागवायची. अर्धमेल्या अवस्थेत खेळाडू भिंतीला धरून सरकत राही. ‘हेलो’त कवचाखालची प्रकृती अजूनही डब्यांवरच भरते, पण कवच मोफत परत मिळतं. त्यामुळे प्रत्येक चकमक जवळपास नव्याने सुरू होते. आत घुसायचं, कवच संपतंय हा इशारा ऐकायचा, खडकाआड जायचं, कवच भरल्याचा आवाज आला की पुन्हा घुसायचं. लय तयार होते. आणि आडोशाच्या त्या चार-पाच सेकंदांत विचाराला वाव मिळतो. ग्रेनेड टाकू की बाजूने जाऊ? लांबचं टिपू की जवळ जाऊन दस्ता हाणू? तीस सेकंदांत असे पाच-सहा निर्णय होतात, आणि प्रत्येकाचं फळ लगेच दिसतं. गोळीबाराचा खेळ म्हणून त्याच्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही, की खेळणाऱ्याचं मन मारण्यापेक्षा निवडण्यात गुंतलेलं असतं.

अर्धा नेम यंत्राचा

आता हाताकडे वळू. अंगठ्यांनी चालवायच्या दोन छोट्या दांड्या. डावीने चालायचं, उजवीने पाहायचं. आज हे इतकं रूढ आहे की दुसरं काही असू शकतं हेच सुचत नाही. पण ‘हेलो’च्या आदल्याच वर्षी प्लेस्टेशनवरच्या ‘एलियन रिझरेक्शन’ने हीच रचना वापरली, तेव्हा ती समीक्षकांना पचली नव्हती. माउसने हात झटकन निशाण्यावर जातो. अंगठ्याची दांडी मात्र एकतर आधी थांबते नाहीतर पुढे निघून जाते. शूटर संगणकावरच खेळावा, असं तेव्हाचं बहुतेकांचं मत होतं.

बंजीने खेळाडूला नेम शिकवला नाही. नेमात गुपचूप भागीदारी घेतली. निशाणीचं वर्तुळ शत्रूवर आलं की दांडीची चाल किंचित जड होते, जणू निशाणी तिथे जराशी चिकटते. शत्रू हलला तर नजरही थोडी त्याच्यामागे ओढली जाते. गोळी सुटल्यावर ती जवळून जाणार असेल तर हलकेच लक्ष्याकडे वळते. निशाणी लाल झाली की शत्रू माऱ्याच्या टप्प्यात आहे एवढंच दिसतं. बाकीचं काम पडद्यामागे. मदत जास्त झाली तर हात आपले नाहीत असं वाटेल. कमी झाली तर आपणच बावळट आहोत असं वाटेल. दोन्हींच्या मधली जागा बारीक आहे. ती सापडली की खेळाडू अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘काय नेम आहे माझा!’

हा बारीकपणा कुठवर जातो याचं एक उदाहरण. ‘हेलो ३’ बनवताना लांब पल्ल्याच्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद करण्यात आला. सेकंदाचा पाचवा हिस्सा. हा बदल का केला आणि कसा ठरवला, एवढ्या एका विषयावर ग्रीझमर यांनी २०१० साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये अख्खं व्याख्यान दिलं. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, आणि त्यावर व्याख्यान.

शहाणा शत्रू म्हणजे काय?

आता या खेळाचा गाभा. कोव्हेनंटच्या फौजेत मुख्यतः चार जाती भेटतात. ग्रंट बुटके, बडबडे आणि भित्रे. जॅकल हातातल्या ढालीमागे वाकून उभे राहणारे. हंटर अजस्र, जोडीने फिरणारे. आणि एलीट, उंच, चपळ, तुमच्यासारखंच भरून येणारं कवच असलेले. एलीट ग्रेनेड पाहून उडी मारतो, कवच उतरलं की आडोशाला जातो, तुम्ही फार जवळ आलात तर चवताळून धावून येतो. एलीट पडला की आसपासचे ग्रंट हात वर करून किंचाळत पळत सुटतात. हे एकदा पाहिलं, की पुढच्या वेळी तुम्ही आधी एलीट शोधता. कुठलीही सूचना न वाचता तुम्हाला डावपेच कळलेला असतो.

तुम्ही खांबाआड गेलात, की शत्रू तुम्हाला भिंतीतून बघत नाहीत. जिथे शेवटचे दिसलात तिथे ते गोळ्या मारतात, ग्रेनेड टाकतात, कुणी शोधायला येतो. संगणकाला तुमची जागा ठाऊकच असते. तरी त्याच्या पात्रांना ती कळू द्यायची नाही, असं ठरवून केलेलं आहे. त्यामुळे तुम्ही मागच्या वाटेने जाऊन पाठीवर पोचलात, की तो विजय तुमचा असतो.

या सगळ्यामागच्या विचारांवर ग्रीझमर आणि प्रोग्रॅमर ख्रिस बुचर यांनी २००२च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये जे सांगितलं, ते मानसशास्त्राच्या वर्गात शिकवावं असं आहे. त्यांनी लोकांना खेळायला बसवलं. शत्रूंची बुद्धी सगळ्यांसाठी तीच ठेवली. फरक एवढाच, की काहींच्या वाट्याला चटकन मरणारे शत्रू आले आणि काहींच्या वाट्याला चिवट. नंतर विचारलं, शत्रू किती हुशार वाटले? चिवट शत्रूंशी लढलेल्यांनी ते कितीतरी अधिक बुद्धिमान असल्याचं सांगितलं. डोकं तेच, फक्त आयुष्य लांबलं होतं.

आधी हसू येतं, मग पटतं. दीड सेकंदात मेलेल्या शत्रूने काय योजना आखली होती हे कोण बघतो? बुद्धी दिसायला वेळ लागतो. त्याला आडोसा घेता आला पाहिजे, ओरडता आलं पाहिजे, घाबरता आलं पाहिजे, आणि हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत घडलं पाहिजे. म्हणून ‘हेलो’तले शत्रू मनातलं मोठ्याने बोलतात. ग्रेनेड टाकताना कल्ला करतात, घाबरले की घाबरल्याचं सांगतात. खऱ्या सैनिकाने असं केलं तर तो मूर्ख ठरेल. इथे तसं केल्यानेच तो हुशार ठरतो.

कुस्तीच्या तालमीत वस्ताद पोराबरोबर खेळतो तेव्हा त्याला एका झटक्यात चीत करत नाही, आणि आपणहून पाठही टेकत नाही. तो पोराला पकड देतो, जोर लावायला लावतो, डाव ओळखण्याइतका वेळ देतो आणि मग नेमक्या क्षणी सुटू देतो. पोराला वाटतं आपण जिंकलो, आणि त्यात खोटं काही नसतं, कारण डाव त्यानेच मारलेला असतो. ‘हेलो’चा शत्रू असा वस्ताद आहे. अजिंक्य शत्रू बनवणं संगणकाला सर्वांत सोपं आहे. नेम अचूक ठेवायचा आणि खेळाडूची जागा सांगून टाकायची, की झालं. रंगतदार हरणारा शत्रू बनवायला मात्र अनेक हुशार माणसांची वर्षं लागतात.

कसोटी

खेळाची गोडी खरोखर शत्रूमुळे येते का, याची कसोटी खुद्द खेळातच आहे. कथेच्या मध्यावर ‘फ्लड’ नावाचा परजीवी सुटतो. तो प्रत्येक विचारक्षम प्राण्याच्या शरीरात शिरून त्यालाच हत्यार बनवतो. मग कळतं, की हे भव्य कडं घर म्हणून बांधलेलं नाही, ते शस्त्र आहे. एकदा पेटलं की २५,००० प्रकाशवर्षांच्या परिसरातलं सारं विचारक्षम जीवन संपवायचं. फ्लडला मारायचं म्हणून नव्हे, त्याचं खाद्यच उरू नये म्हणून. पहिल्या भेटीत डोळ्यांत भरलेलं सौंदर्य या वाक्यापाशी काळं पडतं. विज्ञानकथा म्हणून ही कलाटणी जबरदस्त आहे.

पण खेळ म्हणून? त्यानंतर येणारा ‘द लायब्ररी’ हा टप्पा खेळाडूंनी आणि समीक्षकांनी वर्षानुवर्षं नावाजला तो कंटाळ्यासाठी. दालनं एकसारखी, मजल्यामागून मजले, आणि फ्लडच्या लाटांवर लाटा. फ्लड आडोसा घेत नाही, घाबरत नाही, पळत नाही. तो फक्त अंगावर येतो. बंदुका त्याच, नेमाची मदत तीच, कवच तेच. समोरच्याने तुमची दखल घेणं थांबवलं, आणि तीस सेकंदांतून निवड निघून गेली. गोडी कुठून येत होती, हे ती नाहीशी झाल्यावर लख्ख कळतं.

दुसरी कसोटी दहा वर्षांनी आली. १५ नोव्हेंबर २०११ रोजी या खेळाची नव्या चित्रांनी सजवलेली आवृत्ती निघाली. आतली यंत्रणा जुनीच ठेवलेली. तिच्यात एक खास बटण आहे. दाबलं की नवी चित्रं जातात आणि २००१ची ओबडधोबड चित्रं येतात, चालू लढाईत. गवताची पाती सपाट होतात, खडकांचे कोन उघडे पडतात, प्रकाश भगभगीत होतो. ग्रंट मात्र त्याच क्षणी, त्याच दिशेने पळत राहतो. देखणेपणा काढला तरी खेळ जसाच्या तसा उरतो. लोकांना या जागी परत आणणारं काय आहे, हे दाखवण्यासाठी यापेक्षा नेटका प्रयोग सुचणार नाही.

संगीतही याच जातीचं आहे. मार्टिन ओ’डॉनेल आणि मायकल साल्व्हतोरी यांचा, ख्रिस्ती मठातल्या सामूहिक गायनासारखा गंभीर स्वर या खेळाची ओळख बनला. लढाई किती वेळ चालेल हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. म्हणून बरेचसे तुकडे असे रचले, की मधला भाग तुम्ही लढत असाल तोवर फिरत राहावा आणि तुम्ही पुढे सरकलात की समेवर यावा. ऐकणाऱ्याला वाटतं, संगीत आपल्याकडे बघतंय.

माणसासमोर माणूस

चार एक्सबॉक्स तारेने जोडले की सोळा जण एकमेकांविरुद्ध खेळू शकत. समोर माणूस आला की वस्तादाची सोय संपते. दुसरा माणूस तुम्हाला रंगत यावी म्हणून हरणार नाही. मग ती रंगत कशी जपायची? उत्तर केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ‘ट्रूस्किल’ या पद्धतीतून दिलं. २००५ साली एक्सबॉक्स ३६०बरोबर ती आली आणि ‘हेलो ३’ने ती वापरली. बुद्धिबळातल्या एलो पद्धतीत खेळाडूचा दर्जा एका आकड्यात सांगतात. ट्रूस्किल दोन आकडे ठेवते: तुम्ही किती चांगले आहात याचा अंदाज, आणि त्या अंदाजाबद्दल यंत्राला किती शंका आहे. नवख्याची सुरुवात २५ गुणांनी होते आणि शंका भरपूर असते. प्रत्येक सामन्यागणिक अंदाज सरकतो आणि शंका आटते. जोड्या लावताना शोध असतो तो निकाल आधी सांगता येणार नाही अशा सामन्याचा. म्हणजे जे काम ग्रंट आणि एलीट करत होते, ते इथे संभाव्यतेच्या गणिताने उचललं.

शत्रूच्या डोक्याचा प्रवासही तिथेच थांबला नाही. २००४ साली आलेल्या ‘हेलो २’साठी डेमियन इस्ला आणि सहकाऱ्यांनी शत्रूंचे निर्णय झाडासारख्या रचनेत मांडले. वरच्या फांदीवर सर्वांत तातडीचं, म्हणजे ग्रेनेड पायाशी पडलाय का? नसेल तर पुढची फांदी, कवच उतरलंय का? तेही नसेल तर लढ, शोध, पहारा दे. प्रत्येक क्षणी झाड वरून खाली तपासायचं. २००५ साली इस्ला यांनी ही रचना जाहीरपणे समजावून सांगितली आणि ‘बिहेवियर ट्री’ गेमच्या जगात सर्वत्र पसरलं. पुढे रोबॉटवाल्यांनी ते उचललं. आज रोबॉटना वाट शोधून देणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या ‘नॅव्ह-टू’ या प्रणालीचा कणा हेच झाड आहे. वाट अडली तर काय, पुन्हा आखणी करायची की मागे सरकायचं, हे रोबॉट त्याच रीतीने ठरवतो. हरणाऱ्या सैनिकांसाठी लोकप्रिय झालेली विचारपद्धती आता खऱ्या चाकांना रस्ता दाखवते.

हा पहिला ‘हेलो’ साध्या संगणकावरही मिळतो. कधी हाती आलाच, तर दुसऱ्या टप्प्यावर एक करून पाहा. पहिल्या चकमकीत बंदूक चालवूच नका. खडकाआड बसा आणि कोव्हेनंटकडे नुसतं बघा: कोण पुढे येतो, कोण मागे राहतो, कोण कुणाकडे पाहून हलतो. मग एकच एलीट टिपा आणि ग्रंटांचं काय होतं ते पाहा. त्या पळापळीत प्रोग्रॅमरने लिहिलेले मोजके नियम आहेत, हे आता तुम्हाला माहीत आहे. तरीही तुमच्या तोंडून ‘घाबरले!’ असंच निघेल. नियमांना भीती वाटत नाही. ती त्यांच्यात तुम्ही घातलेली असते. या खेळाच्या कर्त्यांनी आपल्या त्या सवयीवर भरवसा ठेवला आणि उरलेलं काम खेळणाऱ्याच्या मनावर सोपवलं.